नाशिकचा माल कुणाच्या गाडीतून जातो? जिल्ह्याच्या मालवाहतुकीची स्पर्धाक्षमता मोजायची रीत

संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमाराला पिंपळगाव बसवंतजवळ महामार्गाच्या कडेला अर्धा तास उभे राहा. कांद्याच्या गोण्या भरून, ताडपत्री आवळून, दोर बांधून गाड्या एकामागोमाग निघत असतात. नंबरप्लेटी वाचत गेलात तर एमएच-१५, म्हणजे नाशिकचीच, दिसेलच, पण आरजे, एचआर, यूपी, केएसुद्धा दिसतील. अधूनमधून एनएल, म्हणजे थेट नागालँड. माल नाशिकचा, शेतकरी नाशिकचा, व्यापारीही बहुतेक नाशिकचा. भाडं मात्र कुणाच्या खिशात जातंय?

जिल्ह्याच्या मालवाहतुकीवरचे अहवाल हा प्रश्न सहसा विचारतच नाहीत. किती टन माल निघाला, किती नवीन गाड्या पासिंग झाल्या, किती गोदामं उभी राहिली हे सांगतात आणि आलेख वर गेला म्हणून खूश होतात. पण टन वाढले म्हणजे वाहतुकीचा धंदा सक्षम झाला असं नसतं. मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात: भाडं स्वस्त, म्हणजे जिल्हा स्पर्धेत पुढे. हेही फसवं आहे. भाडं स्वस्त असण्याचं कारण कार्यक्षमता असू शकतं, किंवा गाडीमालक स्वतःची गाडी झिजवून, घसाऱ्याचे पैसे खाऊन धंदा करतोय हेही असू शकतं. माझ्या दृष्टीने साधी कसोटी अशी: इथला गाडीवाला बाहेरच्याशी टक्कर देऊन इथला माल उचलतो का, आणि उचलून झाल्यावर पुढची गाडी घेण्याइतके पैसे त्याच्याकडे उरतात का? दोन्ही जमत असेल तर धंदा स्पर्धाक्षम. हे मोजायचं कसं, ते नाशिक समोर ठेवून सांगतो. सांगली, जळगाव किंवा नागपूरला हीच रीत चालेल, फक्त माल आणि वाटा बदलतील.

कुणाला मोजायचं, हे आधी ठरवा

इथे घाई केली की पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो. सरकारी उद्योग वर्गीकरणात, म्हणजे एनआयसी २००८ मध्ये, रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा गट ४९२३ आहे, गोदामांचा ५२१०, माल चढवण्या-उतरवण्याचा ५२२४, आणि बुकिंग एजंट, क्लिअरिंग वगैरे ५२२९ मध्ये येतात. सगळे एकत्र केले तर गोदामांच्या वाढीमुळे ट्रकवाल्यांची घट झाकली जाते. म्हणून वेगवेगळे ठेवा.

कारखान्याच्या स्वतःच्या गाड्या आणि शेतकऱ्यांचे पिकअप वेगळे काढा. लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअपने येणारा कांदा ही गावातली वाहतूक झाली, तिथे हरियाणाशी स्पर्धा नाही. स्पर्धा सुरू होते ती व्यापाऱ्याच्या खळ्यावरून दिल्ली, कोलकाता, चेन्नई किंवा न्हावाशेवा बंदराकडे गाडी भरते तेव्हा.

मग वाटा निवडा. सगळ्या मोजायच्या भानगडीत पडू नका, तीन पुरेत. नाशिकसाठी मी कांद्याची उत्तरेकडची वाट, द्राक्षांची न्हावाशेवाची वाट, आणि सातपूर-अंबड एमआयडीसीतून पुणे-चाकणकडे जाणारी सुट्या भागांची वाट घेईन. तिन्हींचा स्वभाव वेगळा: पहिलीत अंतर आणि परतीचं भाडं, दुसरीत वेळ आणि गारवा, तिसरीत रोजची नियमितता.

घरबसल्या मिळणारे आकडे, आणि त्यांच्यावर किती विसंबायचं

वाहननोंदणीच्या सरकारी 'वाहन' डॅशबोर्डवर आरटीओनिहाय नोंदणी दिसते, तेव्हा एमएच-१५ सोबत मालेगावचं एमएच-४१ घ्यायला विसरू नका. नोंदणी म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक मिळते. जेएनपीए, म्हणजे न्हावाशेवा बंदराची मासिक कंटेनर वाहतूक जाहीर होते. कंटेनरला आरएफआयडी टॅग लावून माग काढणारी लॉजिस्टिक्स डेटा बँक २०१६ मध्ये न्हावाशेवापासूनच सुरू झाली, तिच्या अहवालांतून कंटेनर बंदरात किती वेळ पडून राहतो हे कळतं. जिल्हा उत्पन्नाचे आकडे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे असतात.

देशपातळीचे निर्देशांक प्रस्तावनेपुरते ठेवा. जागतिक बँकेच्या २०२३ च्या लॉजिस्टिक्स निर्देशांकात भारत १३९ देशांत ३८ वा होता. वाणिज्य मंत्रालयाचा 'लीड्स' २०१८ पासून राज्यांची प्रतवारी करतो, त्यात वापरणाऱ्यांच्या मताला मोठी जागा आहे. यातून निफाडच्या गाडीवाल्याबद्दल काही कळत नाही. उलट एक धडा घ्या. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च जीडीपीच्या १३-१४ टक्के आहे असं वर्षानुवर्षं भाषणांतून ऐकू यायचं. नीट पद्धत बसवून मोजल्यावर २०२३-२४ चा अंदाज ७.९७ टक्के निघाला. रस्ते तेच, गाड्या त्याच, मोजण्याची पद्धत मात्र बदलली. म्हणून तुमच्या अहवालात पद्धत पहिल्या पानावर लिहा.

गेटवरची मोजणी

खरं काम इथे आहे, आणि खर्च चहा-नाश्त्यापलीकडे नाही.

बाजार समितीच्या गेटवर, एमआयडीसीच्या नाक्यावर आणि पॅकहाउसबाहेर (जिथे द्राक्षं निवडून पॅक करतात) प्रत्येकी किमान तीन दिवस भरून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची नोंद करा. एकूण ४०० गाड्या झाल्या की 'स्थानिक गाड्यांचा हिस्सा' ढोबळपणे पाच टक्के इकडेतिकडे धरून सांगता येतो. त्या ४०० एकाच दिवशी एकाच गेटवर मोजल्या तर मात्र उपयोग नाही, कारण त्या दिवशी एकाच मोठ्या व्यापाऱ्याचं लोडिंग असू शकतं.

काय लिहायचं? नंबरप्लेटचा कोड, चाकं, माल, कुठे चालली. आणि गाडीच्या बाजूला रंगवलेलं वजन. प्रत्येक व्यावसायिक गाडीवर रिकामं वजन आणि मालासकट एकूण वजन लिहिलेलं असतं, वजाबाकी केली की गाडी कायद्याने किती टन नेऊ शकते ते कळलं. २०१८ च्या जुलैत केंद्राने अक्षभार (चाकांच्या एका अक्षावर चालणारं वजन) वाढवले आणि दहाचाकी गाडीचं एकूण वजन २५ वरून २८.५ टनांवर गेलं. जुन्या तक्त्यावरून क्षमता काढाल तर भरलेल्या अर्ध्या गाड्या ओव्हरलोड दिसतील. प्रत्यक्ष भरलेलं वजन काटा पावतीवर असतं. ड्रायव्हर ती पावती सहसा दाखवतो, मालकाचं नाव झाकून.

आता ते नागालँड. एनएल पासिंगची गाडी कोहिमाहून आलेली नसते. कर आणि कागदपत्रांच्या सोयीने तिकडे नोंदवलेल्या, पण राजस्थान, गुजरातच्या मालकांच्या गाड्या देशभर फिरतात. म्हणून कोडावर थांबू नका. केबिनच्या दारावर ट्रान्सपोर्टचं नाव, गाव आणि फोन रंगवलेला असतो, तो वाचा. आणि ड्रायव्हरला एवढंच विचारा, 'गाडी घरी कुठे उभी राहते?' या एका प्रश्नाने मालकाचं गाव नोंदणीच्या कागदापेक्षा नेमकं कळतं. उलटही घडतं: एमएच-१५ ची गाडी दोन वर्षांपूर्वी इंदूरला विकली गेलेली असते.

या मोजणीतून पहिला पक्का आकडा हाती येतो: जिल्ह्यातून निघणाऱ्या टन-किलोमीटरमधला (मालाचे टन गुणिले अंतर) स्थानिक गाड्यांचा हिस्सा. गाड्यांचा हिस्सा नव्हे, टन-किलोमीटरचा. नाहीतर सिन्नरला जाणारा छोटा टेम्पो आणि कोलकात्याला जाणारी चौदाचाकी एकाच मापात येतात.

फेरीचा हिशेब

पहिल्या खेपेला मी मालकांना 'महिन्याला किती सुटतात?' असं विचारत फिरलो. प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, आणि सगळे आकडे निरुपयोगी ठरले. कुणी खोटं बोलत नव्हतं. हप्ता भरून हातात जे उरतं त्याला ते सुटणं म्हणत होते, आणि हप्ता फिटलेल्या गाडीला तर सगळाच नफा. नंतर शहाणपण आलं: माणसाला नफा विचारायचा नाही, एका फेरीची डायरी मागायची. डिझेलच्या पावत्या, फास्टॅगचं स्टेटमेंट, ड्रायव्हरला दिलेली रोकड, बिल्टी (मालासोबतची वाहतूक पावती). फेरी म्हणजे घर ते घर, नुसतं जाणं नव्हे.

नमुन्याचा हिशेब मांडतो. आकडे पद्धत समजण्यासाठी घेतलेले आहेत, ते बाजारभाव समजू नका. दहाचाकी गाडी, १९ टन माल, नाशिक-दिल्ली-नाशिक, २,६०० किलोमीटर:

डिझेल, सरासरी ४ किमीला लिटर, ९० रुपये दराने: ५८,५००
बीएस-६ इंजिनाचं डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव): १,५००
टोल: १८,०००
ड्रायव्हर-क्लीनर पगार आणि भत्ता: १२,०००
टायरची झीज, किलोमीटरला २ रुपये: ५,२००
ऑइल, दुरुस्ती: ३,९००
हमाली, वाराई, किरकोळ: ४,०००
दलाली: ३,०००

बेरीज १,०६,१००. हा झाला चालता खर्च. जाताना टनाला ४,००० म्हणजे ७६,००० आणि येताना टनाला २,६०० म्हणजे ४९,४०० असं भाडं मिळालं, तर जमा १,२५,४००. हातात १९,३०० उरले. मालक खूश.

आता उभा खर्च धरा, म्हणजे गाडी चालो न चालो लागणारा. ३८ लाखांची गाडी, आठ वर्षांनी १० लाखांना जाईल, म्हणजे वर्षाला ३.५ लाख घसारा. सरासरी अडकलेले पैसे २४ लाख, त्यावर १० टक्क्यांनी २.४ लाख व्याज, गाडी रोखीने घेतली असली तरी. विमा, कर, परमिट, फिटनेस, पार्किंग, ऑफिस मिळून १.६ लाख. एकूण साडेसात लाख. वर्षाला ३० फेऱ्या झाल्या तर फेरीमागे २५,००० पडतात, एकूण खर्च १,३१,१००, आणि मघाशी हातात उरलेले १९,३०० जाऊन ५,७०० रुपयांचा तोटा दिसतो. त्याच गाडीच्या ४० फेऱ्या झाल्या तर फेरीमागे उभा खर्च १८,७५०, एकूण १,२४,८५०, आणि ५५० रुपये नफा.

भाडं बदललं नाही, डिझेल बदललं नाही. बारा दिवसांची फेरी नऊ दिवसांवर आली, एवढंच. म्हणून तुमच्या तक्त्यात 'गाडीमागे वर्षाच्या फेऱ्या' हा रकाना 'टनाला भाडं' याच्या आधी यायला हवा.

वाराईबद्दल थोडं. माल चढवण्या-उतरवण्याचा खर्च मालधन्याने द्यायचा की गाडीवाल्याने, हा महाराष्ट्रातला जुना झगडा. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा त्यातूनच आली. हमालांच्या बाजूने १९६९ चा माथाडी कायदा आहे, आणि त्यांची मजुरी रास्त आहेच. प्रश्न ती कुणाच्या खात्यात लिहायची हा. सर्वेक्षणात 'हमाली गाडीवाल्याने दिली का?' हा प्रश्न वेगळा ठेवा, नाहीतर दोन जिल्ह्यांच्या भाड्याची तुलनाच चुकते: एकीकडे भाड्यात हमाली धरलेली असते, दुसरीकडे नसते.

परतीचं भाडं: सगळी गोम इथेच

वरचा हिशेब टन-किलोमीटरवर आणू. दोन्हीकडून गाडी भरली तर ४९,४०० टन-किमी, खर्च १,३१,१००, म्हणजे टन-किमीला २ रुपये ६५ पैसे. येताना गाडी खाली, म्हणजे रिकामी, आली तर डिझेलचे साधारण ८,००० आणि हमाली-दलालीचे ३,५०० वाचतात, पण टन-किमी निम्मे होतात: १,१९,६०० भागिले २४,७००, म्हणजे ४ रुपये ८४ पैसे. एकाच गाडीचा, एकाच रस्त्यावरचा खर्च पावणेदोनपटीहून जास्त.

आता दिल्लीच्या बाजूने बघा. हरियाणाची गाडी माल घेऊन नाशिकला आली, उतरवली. तिला घरी जायचंच आहे. तिच्यासाठी नाशिक-दिल्ली हे परतीचं भाडं, त्यामुळे वाढीव खर्च साडेअकरा हजार आणि थांबलेल्या दिवसांचा उभा खर्च, दिवसाला सुमारे २,०५०, एवढं निघालं की वरचं सगळं तिला फायद्याचं. आपल्या गाडीवाल्याला त्याच भाड्यात पूर्ण फेरीच्या खर्चाचा पाया घालायचा असतो. तो म्हणतो 'बाहेरच्यांनी भाव पाडले', आणि त्याच्या जागी त्याचं खरं आहे. पण दिल्लीत उतरल्यावर तोही तिथल्या गाडीवाल्याचे भाव तसेच पाडतो.

म्हणून परतीच्या भाड्याची सोय मोजा. किती टक्के फेऱ्यांत येताना गाडी भरलेली होती, भरायला किती दिवस थांबावं लागलं, आणि परतीचं भाडं जाण्याच्या किती टक्के होतं. ज्या जिल्ह्याच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची दिल्लीत, इंदुरात, चेन्नईत स्वतःची किंवा ओळखीची बुकिंग ऑफिसं आहेत, त्यांची गाडी तिथे दिवसभरात भरते. ज्यांची नाहीत, ती मंडळी ढाब्यावर बसून मोबाइलवर दलालांना फोन लावत राहतात. हे जाळं कुठल्याही सरकारी आकडेवारीत नाही, पण जिल्ह्याची खरी ताकद बहुतेक वेळा तेच असतं.

रेल्वेशी तुलना करतानाही हाच काटा वापरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला 'कांदा एक्स्प्रेस'ने १,६०० टन कांदा गेला. तेव्हा सरकारने दिलेला हिशेब असा: एक रेक, म्हणजे पूर्ण मालगाडी, म्हणजे ५६ ट्रक, रस्त्याने ८४ लाख, रेल्वेने ७० लाख २० हजार. भागून बघा: रस्त्याने टनाला ५,२५०, रेल्वेने ४,३८७. साधारण १,३०० किमी धरले तर रस्त्याचं भाडं टन-किमीला चार रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे आपल्या २.६५ आणि ४.८४ च्या मध्ये कुठेतरी. त्या भाड्यात गाडी परत भरेल की नाही याचा अंदाज आधीच मिसळलेला असतो. तुलना मांडताना खळ्यापासून स्टेशन आणि स्टेशनपासून मंडई, हा दोन्ही टोकांचा ट्रक आणि दोनदा वाढलेली हमाली रेल्वेच्या बाजूला लिहा. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, त्या गाड्यांना पुढे भाड्यात निम्मं अनुदान होतं. अनुदान वेगळ्या रकान्यात टाका, ते खर्चातून गायब करू नका.

वेळ मोजताना सरासरीला भुलू नका

द्राक्षाच्या निर्यातदाराला भाड्यातल्या हजार-दीड हजारांचं फारसं काही वाटत नाही. त्याला कंटेनर जहाजाच्या कटऑफच्या (माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आत बंदरात हवा असतो, आणि वाटेत कंटेनर थंड ठेवणारा जेनसेट बंद पडायला नको असतो. तेव्हा या वाटेवर भाड्याआधी भरवसा मोजा.

समजा पॅकहाउस ते बंदराच्या गेटपर्यंतच्या दहा फेऱ्यांना लागलेले तास असे: ६, ६, ७, ७, ७, ८, ८, ९, १४, १९. सरासरी ९.१. मधली फेरी साडेसात तासांची. पण निर्यातदार यातलं काहीच वापरत नाही. दहातल्या नऊ गाड्या १४ तासांत पोचतात, म्हणून तो १४ तास आधी गाडी काढतो. त्याच्यासाठी नाशिक ते न्हावाशेवा म्हणजे १४ तास. तुमच्या अहवालात मधला आकडा आणि 'दहातल्या नऊ'चा आकडा शेजारी-शेजारी द्या. त्यांच्यातलं अंतर हा भरवशाचा भाव.

वेळ तुकड्यांत तोडा: पॅकहाउसला थांबणं, रस्ता, बंदराबाहेरची रांग. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा उघडला आणि गाड्यांना कसारा घाटाला पर्याय मिळाला. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकत्र मिसळू नका. आणि रस्त्यावर वाचलेला वेळ बंदराच्या रांगेत गेला का, तेही तपासा. जीपीएसचा डेटा मिळाला तर उत्तम, पण बहुतेक छोटे मालक तो द्यायला बिचकतात. ड्रायव्हरच्या मोबाइलवरचे फास्टॅगचे एसएमएस वेळेसकट असतात, मला तेच जास्त उपयोगी पडले.

या वाटेवर परतीचा मामला उलटा आहे. रिकामा कंटेनर बंदराकडच्या यार्डातून उचलायचा, नाशिकला आणून भरायचा, परत बंदरावर न्यायचा. निम्मी फेरी खालीच, आणि त्यात गाडीवाल्याची चूक नाही. नाशिकच्या कारखान्यांचा आयात माल ज्या कंटेनरमधून येतो, तोच इथे रिकामा होऊन द्राक्षांना मिळाला तर खाली फेरी टळते. मात्र शिपिंग लाइन तीच हवी, आणि द्राक्षांना रीफर, म्हणजे थंड कंटेनर, लागतो, मशीनचे भाग येतात साध्या कंटेनरमधून. म्हणून अशा जोडण्या कागदावर जितक्या दिसतात त्याहून फार कमी जमतात. किती जमल्या, ते मोजा.

पैसे कधी मिळतात

हा रकाना लोक विसरतात. भाड्याचा काही भाग ॲडव्हान्स, उरलेला बॅलन्स पोच पावती दिल्यावर. कागदावर पंधरा दिवस, प्रत्यक्षात पार्टीच्या मर्जीवर. वरच्या उदाहरणात ४०,००० चा बॅलन्स ६० दिवस अडकला आणि बाजारातलं व्याज महिना दीड टक्का धरलं, तर १,२०० रुपये गेले. आपल्या ४० फेऱ्यावाल्याचा नफा होता ५५०.

म्हणून प्रत्येक बिल्टीमागे तीन तारखा मागा: माल भरला, पोच दिली, पैसे आले. मालधन्यांना विचारायचं तर 'तुम्ही किती दिवसांत देता?' असं विचारू नका, सगळे आठ दिवस सांगतात; त्यांच्याकडेही तारखाच मागा.

पुस्तकातली दोन मापं

विद्यापीठातले लोक लोकेशन कोशंट, म्हणजे धंद्याचं जिल्ह्यातलं प्रमाण राज्याच्या प्रमाणाशी ताडणारं माप, मागतील. सोपं आहे: जिल्ह्यातल्या शंभर कामगारांपैकी मालवाहतुकीत ३, राज्यात शंभरापैकी २, म्हणजे कोशंट १.५. जिल्हा या धंद्यात राज्याच्या मानाने जास्त गुंतलाय, एवढंच यातून कळतं. दुसरं काम नसल्याने पोरं गाडीवर गेली असतील तरी कोशंट वाढतो.

शिफ्ट-शेअर, म्हणजे वाढीची कारणानुसार फोड, थोडं बरं. जिल्ह्यातला मालवाहतुकीचा रोजगार १२ टक्के वाढला. राज्यातला सगळा रोजगार ५ वाढला, राज्यातली मालवाहतूक ९. मग १२ पैकी ५ सगळ्यांबरोबर, ४ धंद्याच्या तेजीमुळे, आणि राहिलेले ३ जिल्ह्याचे स्वतःचे. त्या ३ चं कारण शोधायला पुन्हा गेटवरच जावं लागतं.

आकडे वाचताना

सुरुवात आणि शेवट कुठल्या महिन्यात धरता यावर निकाल फिरतो. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली तरी ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्य राहिलं, आणि शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. या मधल्या काळात न्हावाशेवाकडची कांद्याची वाहतूक बसली, ती गाडीवाले कमी पडले म्हणून नव्हे. धोरणाने आलेली घट आणि स्पर्धेत गमावलेला माल वेगळा करायची सोपी युक्ती: एकूण टन बाजूला ठेवा, फक्त स्थानिक हिस्सा बघा. टन निम्मे झाले पण हिस्सा ४० टक्क्यांचा ४० टक्केच राहिला, तर स्पर्धेत काही हरवलेलं नाही. मंदीत हिस्सा वाढला आणि फेऱ्या घटल्या, तर मात्र सावध व्हा. आपली गाडी खाली उभी राहण्यापेक्षा तोट्यात पळतेय, असा त्याचा अर्थ बहुधा निघतो.

सगळे आकडे मिळवून एकच निर्देशांक काढा, असा आग्रह बैठकीत हमखास होतो. 'नाशिक ६८, पुणे ७४' असं काहीतरी. मी ते टाळतो. वेळेला किती गुण, भाड्याला किती, हे टेबलाभोवती बसलेल्यांनी ठरवलेलं असतं, आणि द्राक्षवाला व कांदावाला यांचे गुण कधीच जुळणार नाहीत. वाटेनुसार पाच आकड्यांचा एक तक्ता द्या: स्थानिक हिस्सा, भरलेल्या गाडीचा टन-किमी खर्च, वर्षाच्या फेऱ्या, दहातल्या नऊचा वेळ, आणि बॅलन्स मिळायला लागलेले दिवस. शेजारी तुलनेचा जिल्हा. कांद्यासाठी धुळे किंवा नगर, सुट्या भागांसाठी पुणे. मुंबई-ठाण्याशी तुलना करू नका, बंदर दारात असलेल्याशी कसली बरोबरी.

तक्ता छापण्याआधी चार-पाच गाडीमालकांना आडगावच्या ट्रक टर्मिनलवर बसवून वाचून दाखवा. टायरचा खर्च कमी धरलाय, टोल जुना आहे, अमुक वाटेवर रात्री गाडी थांबवावीच लागते, हे ते दहा मिनिटांत सांगतात. दुरुस्त्या पेन्सिलीने तिथेच करा. पुढच्या वर्षीची मोजणी त्याच आठवड्यात, त्याच गेटवर लावा. दिवाळीचा आठवडा सोडून, कारण तेव्हा लिलाव बंद असतात आणि ड्रायव्हर गावी गेलेले असतात.